पांढऱ्या दगडाच्या आतली गाडी

कलशेट्टी सरांकडे गेलं की पाहुण्यासमोर आधी पेरू येतो. खायला नव्हे, बघायला. "बाई, ह्याची सावली कुठल्या रंगाची आहे, सांगा बघू," असं ते विचारतात, आणि आपण 'काळी' म्हणालो की त्यांचा चेहरा पडतो. सावली कधीच काळी नसते, हे त्यांनी आमच्या शाळेतल्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं. मुलं परीक्षेपुरती निळी-जांभळी सावली काढायची आणि मैदानावर गेली की पुन्हा काळ्या सावलीत खेळायची. मी त्याच शाळेत मराठी शिकवत होते. माझ्या व्याकरणाचंही याहून वेगळं काही होत नव्हतं, म्हणून मी सरांना कधी हसले नाही.

वीरभद्रप्पा कलशेट्टी म्हणजे आमचे ड्रॉइंगचे सर. उंच, किंचित पुढे झुकलेले. कपाळावरचे विभूतीचे पट्टे पट्टी लावून आखल्यासारखे सरळ. घरात कडक शाकाहार. शाळेच्या सहलीत कुणाच्या डब्यात उकडलेलं अंडं निघालं तर सर फक्त उठून बसच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे आणि खिडकीतून डोंगराकडे पाहायचे. डोंगर नसला तरी.

त्यांचा एकच नियम होता: वस्तू समोर नसेल तर पेन्सिल उचलायची नाही. वस्तुचित्राच्या तासाला तांब्या, कांदे आणि घडीचा पंचा टेबलावर मांडल्याशिवाय ते फळ्याला हात लावत नसत. एकदा शिपाई तांब्या आणायला विसरला तर तो अख्खा तास मुलांनी रिकाम्या टेबलाचं चित्र काढलं होतं. आणि सर कधीही घाई करत नसत. त्यांची स्वतःची चित्रं तर बहुतेक अर्धीच राहिली. "छायाप्रकाश राहिलाय" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घर बांधलं ते कासारतळ्याच्या काठी. जुळे सोलापूरच्या कॉलन्या संपल्या की मंगळवेढ्याच्या बाजूला कासारवाडी लागते, तिचं हे तळं. जागा घेताना त्यांच्या पत्नी महानंदावहिनींनी विचारलं, मंडई कुठं आहे, दवाखाना कुठं आहे? सर म्हणाले, "उजेड बघ. उत्तरेचा उजेड. असा उजेड शहरात पैसे मोजूनही मिळत नाही." गॅलरी तळ्याच्या अंगाला काढली. तिथं आरामखुर्ची आणि चित्र टेकवायची चौकट मांडली. वास्तुशांतीला मी गेले होते. तळ्यावर खरोखरच सुंदर उजेड पडला होता.

संध्याकाळी वारा सुटला आणि उजेडाबरोबर तळलेल्या चिलापी माशांचा वासही वर आला.

खाली पाण्याच्या कडेला एक निळी हातगाडी उभी होती. अकबरीची. तिचा नवरा मौलाली पहाटे तळ्यात जाळं टाकायचा, लव्हाळ्यातल्या बिळांतून खेकडे काढायचा, आणि अकबरी दुपारपासून चिलापी तळायची, खेकडे तव्यावर परतून त्यांचा झणझणीत रस्सा करायची, बरोबर कडक भाकरी. जुळे सोलापुरातून लोक दुचाकीवर यायचे. खाऊन झालेली कवचं गाडीमागं पडायची, आणि त्या ढिगावर गावातली मांजरं संसार करायची.

सर गॅलरीत नाकाला रुमाल लावून उभे. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. म्हणाल्या, "उत्तरेचा उजेड पाहिजे होता न्हवं? घ्या. वास त्याच्यावर फुकट."

सर दुसऱ्याच दिवशी खाली गेले. गाडीपासून चांगले लांब थांबले आणि तिथूनच, वर्गाच्या दारातून बोलावं तसं बोलले.

"अकबरीबाई, ही गाडी जरा पलीकडं नेता येईल का?"

"किती पलीकडं, सर?"

"दिसणार नाही इतकी."

"दिसली न्हाय तर गिऱ्हाईक कसं येईल वो?" अकबरीनं तव्यावरचा मासा उलटला. "तुमी खात न्हाई, मला ठावं हाय. भाकरी देऊ का नुसती? तव्याची न्हाय, घरची."

सर परत आले. मला म्हणाले, "बाई उद्धट नाही. तीच तर अडचण आहे."

मग समितीची गोष्ट निघाली. तळी, ओढे, दलदली राखायच्या म्हणून वरून परिपत्रक आलं होतं. तळं पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथं चुन्यानं रंगवलेले दगड रोवायचे. त्या दगडांच्या आत कुणाला काहीही बांधायचं, भरायचं, खोदायचं असेल तर गावच्या काठ समितीची परवानगी घ्यायची. आमच्याकडे लोकांनी तळं पूर्ण भरलेलं पाहिलेलं असतं ते लग्नाच्या आल्बमइतकं क्वचित, त्यामुळे दगड पाहून अनेकांना वाटलं, हे चुकून शेतात रोवलेत. तरी रोवले. समितीवर एक 'निसर्गप्रेमी नागरिक' हवा होता. अध्यक्ष रावजीआबा, जुने बागायतदार. निसर्ग म्हणजे फवारणी न केल्यास हाताबाहेर जाणारी गोष्ट, अशी त्यांची समज. त्यांनी गावभर नजर फिरवली आणि ती पंचायतीच्या भिंतीवर थांबली. तिथं सरांनी हौसेनं एका गुलाबी पक्ष्याचं चित्र काढलं होतं.

"सर, तुमी ह्यो बगळा काढलाय. तुमच्यापरास निसर्गप्रेमी कोण?"

"आबा, तो रोहित पक्षी आहे."

"बगळा न्हाय व्हय? तरीच. मला वाटलं पांढरा रंग संपला आसंल."

सर समितीवर गेले. कशासाठी, हे त्यांनी लपवलं नाही. मला सांगितलं, "बाई, निसर्ग वगैरे ठीक आहे. मी त्या गाडीसाठी जातोय. दगड बघितलात ना? गाडी दगडाच्या आत आहे."

पहिल्याच बैठकीत दोन प्रकरणं आली. एक, सरांची स्वतःची तक्रार, अकबरीच्या गाडीबद्दल. दुसरा अर्ज मृत्युंजय बिराजदारचा. मृत्युंजय आमचाच विद्यार्थी. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला त्याचं मंगल कार्यालय आहे, हिरवळीचं. त्याला हिरवळ वाढवायची होती, पाण्याच्या बाजूला, लव्हाळ्याच्या पट्ट्यात मुरूम टाकून. मुरमाच्या गाड्या त्यानं सांगूनही ठेवल्या होत्या. शाळेत मृत्युंजयची वस्तुचित्रं एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होती. त्याचा तांब्या, त्याचे कांदे, सगळं टेबलाच्या वर बोटभर तरंगायचं. सर तांबड्या पेन्सिलीनं लिहायचे, 'वस्तू टेकवा.'

रावजीआबांनी दोन्ही प्रकरणं सरांच्या गळ्यात घातली. "तुमाला निरखून बघायची सवय हाय. जागेवर जाऊन पहाणी करा, अहवाल द्या. आन लवकर द्या. पावसाळ्याच्या तोंडावर अतिक्रमणाची मोहीम येनार हाय. ज्याच्याकडं परवानगीचा कागद नसंल त्याचं सामान ट्रकात."

अहवाल म्हणजे अर्ध्या पानाचा मजकूर, असं सगळ्यांना वाटलं होतं. सरांनी ड्रॉइंग बोर्ड काढला.

दुपारी चारच्या सुमाराला उजेड तिरपा होतो. तेव्हा सर स्टूल, छत्री आणि बोर्ड घेऊन तळ्यावर उतरू लागले. एक दिवस मृत्युंजयची बाजू, एक दिवस अकबरीची. नाकाला रुमाल बांधलेला. लांबून पाहणाऱ्याला वाटे, कुणी डॉक्टर मातीचं ऑपरेशन करतोय.

अडचण अशी की उन्हाळा होता आणि तळं रोज आटत होतं. सर काठाची रेघ काढायचे. पुढच्या खेपेला पाणी मागं गेलेलं असायचं आणि रेघ खोटी ठरायची. खोटी रेघ ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते नवा कागद घ्यायचे. त्यात अकबरीची गाडी पाण्यामागं जायची, कारण भांडी धुवायला पाणी हाताशी लागतं. म्हणजे काठ हलायचा, गाडी हलायची, आणि गाडीमागची अकबरी तर क्षणभरही थांबायची नाही.

"अकबरीबाई, हलू नका!"

"गिऱ्हाईक आलंय सर!"

"एक मिनिट फक्त. कोपर तसंच ठेवा."

"कोपर ठेवलं तर मच्छी जळतीय की!"

मृत्युंजय अधूनमधून पेढे घेऊन सरांच्या घरी यायचा. "सर, माझा अहवाल?"

"छायाप्रकाश राहिलाय रे."

"मोबाईलवर फोटो काढा की सर. दोन मिनिटांचं काम."

"फोटोत सगळंच येतं, मृत्युंजय. म्हणून त्यात काही दिसत नाही."

मृत्युंजयला वाटलं, सर आणखी काही अपेक्षा ठेवून आहेत. पुढच्या वेळी त्यानं मिठाईचा मोठा पुडा आणला. सरांनी तो टेबलावर ठेवला, त्याच्या सावलीचा रंग विचारला आणि परत पाठवला. मुरमाच्या गाड्या रस्त्याला उभ्याच. एवढा लांबलेला विरोध मृत्युंजयनं आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो विरोध नव्हताच. सर त्याला नाही म्हणाले नव्हते. ते फक्त लव्हाळी मोजूनमापून काढत होते, एकेक पात, आणि लव्हाळी पुष्कळ होती. कायद्याला जे जमलं नसतं ते अशा रीतीनं छायाप्रकाशानं चालवलं होतं.

मात्र कागदाशिवाय मृत्युंजयचं फक्त हिरवळीचं काम अडत होतं. अकबरीची अख्खी गाडी जाणार होती.

हे तिनं सरांना एकदाच सांगितलं. तेव्हा मी तिथं होते. वहिनींनी सरांसाठी दिलेला चहाचा थर्मास घेऊन खाली गेले होते. गिऱ्हाईक नव्हतं. अकबरी बादलीतल्या खेकड्यांवर ओलं गोणपाट टाकत होती.

"सर, तुमचं चित्र कवा पुरं हुईल?"

"प्रयत्न चाललाय."

"ट्रक यायच्या आधी हुईल का, येवढंच सांगा. गाडी गेली तर आमाला टेंभुर्णीला जावं लागंल. दीर ढाबा चालवतो. मौलाली तितं टायर पुसंल, मी भांडी घासीन." ती हसली. "दीर चांगला हाय, तसं न्हाय. पर त्याच्या बायकोच्या हाताखाली भांडी? नक्को रे बाबा. त्यापरास खेकड्याच्या बिळात हात घालीन."

सर खाली मान घालून खोडरबर चालवत राहिले. खोडण्यासारखं काही होतं असं मला दिसलं नाही.

"आन एक सांगू का सर? गाडी चितारा, मला चितारा, मांजरं चितारा. त्यो मागचा पांढरा दगड तेवढा चितारू नका."

"दगड तिथं आहे, बाई. तिथं आहे तो येणार."

परतीच्या वाटेवर ते माझ्याशी भांडले. म्हणजे आधी स्वतःशी भांडले, मग मी सापडले.

"दगड नाही दाखवला तर चित्र खोटं. दाखवला तर गाडी आत दिसते. आत दिसली की गेली."

"पण सर, तुम्हाला तेच हवं होतं ना?"

"तुम्ही मराठीवाले माणसाला त्याच्याच वाक्यात अडकवता," असं म्हणून ते पुढं निघून गेले, आणि थर्मास माझ्याच हातात राहिला.

त्या दिवसांत त्यांनी आणखी एक गोष्ट मला सांगितली, जरा आजूबाजूला बघून. "बाई, खेकडा जिवंत असताना चिखलाच्या रंगाचा असतो. तव्यावर गेला की केशरी. आमच्या मठावरच्या ध्वजासारखा. म्हणजे रंग आत होताच की!" बोलून झाल्यावर आपण कुठली उपमा कुठं दिली हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते हात धुवायला गेले.

बैठक झाली. सरांनी अकबरीच्या गाडीचं चित्र कसंबसं पुरं केलं होतं. मृत्युंजयचं राहिलं होतं. चित्र भिंतीला टाचलं. खरं सांगते, सरांचं इतकं चांगलं चित्र मी आधी पाहिलं नव्हतं. पाणी, चिखल, मांजरं, कवचांचा ढीग, अकबरीचं कोपर. आणि गाडीच्या पाठीमागं, चढावर, स्वच्छ पांढरा दगड. कुणालाही दिसेल की गाडी हद्दीच्या आत आहे. अकबरी दारापाशी उभी होती. तिनं चित्राकडे पाहिलं, दगड पाहिला आणि पदर डोक्यावर नीट घेतला. सरांकडे पाहिलं नाही.

रावजीआबा उठून चित्राजवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला.

"हिला चाकं हायत की!"

सर म्हणाले, "चार आहेत. मागचं एक डावीकडं झुकलंय."

"त्ये बघा. चाकं असल्यालं बांधकाम कसं? काठाला माझी बैलगाडी हुबी ऱ्हायली तर तिला परवानगी लागती का? हलतं त्ये बांधकाम न्हाय." आबा एकदम खुलले. न्याय करायला मिळाला की माणूस दहा वर्षांनी लहान होतो. "ठरलं. उन्हाळ्यात गाडी पाण्यापाशी ऱ्हाईल. पावसाळा लागला की दगडाच्या भायेर. लिवा, सर."

सर लिहायला लागले. जी गाडी हलवायला ते समितीवर आले होते, ती त्यांनी चाकं चोख काढल्यामुळे जागेवर राहिली होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला दुःख दिसलं नाही. चाकांची कुणीतरी दखल घेतली, याचंच समाधान असावं.

मृत्युंजय मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होता. पंधरवड्यात त्याचा नवा अर्ज आला. हिरवळीचा विषय त्यानं सोडला होता. आता त्याला लव्हाळ्यात लग्नाचं स्टेज आणि स्वयंपाकाची शेड उभारायची होती. दोन्हींना चाकं. बरोबर लोहाराची पावती. आणि चाकाखाली जमीन पक्की हवी, म्हणून थोडा मुरूम.

रावजीआबांनी कपाळावर हात मारला. "माझाच नियम माझ्या नरड्याला. ह्यालाबी द्यावी लागनार."

लव्हाळी गेली की खेकड्यांची बिळं जाणार, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नव्हता. मौलालीनं ते बैठकीबाहेर तीनतीनदा सांगितलं. पण बैठकीत नियमाची बाजू मृत्युंजयकडे होती. तेव्हा सर म्हणाले, "वस्तू एका बाजूनं बघून चालत नाही. फिरवून बघावी लागते. हलतं म्हणतात ना? हलवून दाखवू दे."

"बरोबर," मृत्युंजय म्हणाला. "पण मग ती गाडीसुद्धा, सर. नियम सगळ्यांना सारखा. जी दगडाच्या बाहेर ढकलता येणार नाही ती ट्रकात."

'नियम सगळ्यांना सारखा' हे वाक्य सरांनीच त्याला शाळेत शंभरदा ऐकवलं होतं. "सारखा," ते म्हणाले.

ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी वळीव येऊन गेला. आमच्या काळ्या मातीला पाणी लागलं की ती माणसाची चप्पल ठेवून घेते, हे इथल्या कुणालाही सांगायला नको.

आधी पलीकडच्या अंगाला गेलो. मृत्युंजयनं नमुन्याचं स्टेज उभं केलं होतं, झालरीसकट. पंक्तीत वाढणाऱ्या धट्ट्याकट्ट्या माणसांनी खांदे लावले, काहींनी चाकांना हात घातला. चाकं अगदी सुंदर फिरली. स्टेज तसूभर हललं नाही. माणसांनी पुन्हा जोर केला, चाकं पुन्हा फिरली. आबा चक्रावले. सर पुढं झाले, चिखलात गुडघ्यावर बसले, खिशातून एक कोरा कागद काढला आणि चाकाखालून सरकवला. तो पलीकडून सहज बाहेर आला. स्टेज चार लोखंडी खांबांवर उभं होतं आणि चाकं नुसती शोभेला, जमिनीच्या बोटभर वर.

सरांनी वर पाहिलं. आवाजात राग नव्हता, जुनी ओळख होती. "मृत्युंजय, वस्तू टेकवा."

हसून हसून आबांना ठसका लागला. मृत्युंजय आधी लाल झाला, मग तोही हसला; त्याचं ते बरं आहे. पण लगेच म्हणाला, "आता गाडी, सर."

गाडी पाण्यापाशी होती, चाकं अर्धी मातीत. अकबरीनं तवा, बादल्या, स्टोव्ह उतरवून ठेवलं होतं. मौलालीनं दांडा धरला, अकबरीनं मागून जोर लावला. चाकं जरा फिरली, माती घेऊन जाड झाली आणि थांबली. मौलालीनं काठीनं माती खरवडली. पुन्हा जोर. पुन्हा माती. पांढरा दगड चढावर, फार लांब नाही, पण त्या चिखलात तो टेंभुर्णीइतका लांब होता. अकबरीचं तोंड उतरलं होतं.

सर स्टुलावर बसले होते, मांडीवर बोर्ड. त्यांचा हात चालला होता पण कागदावर काही उमटत नव्हतं. हलती वस्तू काढता येत नाही, हे ते जन्मभर शिकवत आले. आज न हलणारी काढता येत नव्हती.

तेवढ्यात वरच्या बाजूनं महानंदावहिनी उतरताना दिसल्या. पदर खोचलेला. चपला काढून त्यांनी माझ्या हातात दिल्या.

"महानंदा, अगं तिथं वास..."

"वास तुम्हाला येतोय. मला ह्या घरात भाजी येतीय ती मौलालीच्या सायकलवरनं येतीय. मंडई कुठं हाय म्हणून विचारलं होतं तवा तुमी उजेड दाखवला होता." त्या आबांकडे वळल्या. "गाडी नवराबायकोनंच ढकलायची, असं नियमात लिहिलंय का हो?"

आबांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "नाही."

वहिनींनी खांदा लावला. मग आबांच्या बरोबरचे दोघे. मग, हे मी डोळ्यांनी पाहिलं, मृत्युंजयचे वाढपीसुद्धा. जमिनीला टेकलेलं चाक ढकलायची त्यांची हौस राहिली होती. गाडी एकदम सुटली. चिखलातून निघाली, चढ चढली, दगडाच्या बाजूनं गेली, आणि सगळ्यांचा जोर एवढा होता की कुणाला थांबायचं सुचलंच नाही. ती थांबली ती वरच्या सपाटीवर. कलशेट्टी सरांच्या कंपाउंडला टेकून, बरोबर गॅलरीखाली.

"झालं!" आबा धापा टाकत म्हणाले. "पास. पावसाळाभर गाडी हितंच."

सर खालून चालत आले. "इथंच?"

"दगडाच्या भायेर सपाट जागा दुसरी कुटं हाय? तुमच्याच चित्रात बघा की."

चित्र आबांच्या पिशवीत होतं. ते काढलं, गाडीवर पसरलं. सरांनी पाहिलं. दगडापलीकडे सगळीकडे उतार होता, उताराला उतारासारखी छाया दिलेली, कुठं चूक नाही. एकाच जागी कागद मोकळा, उजेडाचा. सपाट. त्यांच्या दारापुढं.

सदस्य म्हणून हरकत घ्यायचा त्यांना अधिकार होता. घरमालक म्हणूनही होता. अकबरी गाडीचा दांडा घट्ट धरून त्यांच्याकडे बघत होती. आता सगळं सरांच्या एका सहीवर आहे, हे तिला कळलं होतं. सरांनी बोटानं ती मोकळी जागा तपासली, जणू पेन्सिल लागायची राहिली असावी.

"छायाप्रकाश बरोबर आहे," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

अकबरी पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. वहिनी म्हणाल्या, "उठ ग. आधी हात धू, चहा ठेवलाय."

ट्रक आला, रस्त्यावरच्या दोन पाट्या आणि एक पानपट्टी घेऊन गेला. मृत्युंजयचं स्टेज नापास झालं, तरी त्यानं अर्ज मागं घेतला नाही. त्याच्या जागेचं चित्र अजून पुरं व्हायचंय. मुरमाच्या गाड्या मात्र त्यानं परत पाठवल्या आणि लव्हाळ्यात यंदा एवढे खेकडे झाले की मौलाली म्हणतो, हात घातला की दोघं भांडत येतात.

पावसाळाभर गाडी सरांच्या दारात होती. पत्ता विचारणाऱ्याला लोक सांगायचे, कलशेट्टी सरांच्या घरापाशी. पुढं 'घरापाशी' गळालं. मग कुणा गिऱ्हाइकानं मोबाईलच्या नकाशावर ठिकाण टाकलं: 'कलशेट्टी खेकडा'. त्याला भरपूर चांदण्या मिळाल्या. अक्कलकोटहून सरांचे थोरले बंधू, पूजापाठवाले, नकाशा बघत बघत घरी आले, ते गाडीपाशी येऊन थबकले. त्यांनी सरांना कन्नडमध्ये जे विचारलं ते मला वहिनींनी मराठीत सांगितलं, पण लिहिण्यासारखं नाही.

सरांनी अकबरीला नाव काढायला सांगितलं. ती म्हणाली, "मी कुटं लिवलंय सर? गिऱ्हाईक लिवतंय. पर एक चांगलं हाय. तुमचं नाव बघून लोक कवचं इकडं तिकडं टाकत न्हाईत. घाबरतात."

परवा मी गेले होते. दसरा होऊन गेलाय, पाणी उतरू लागलंय, पांढरा दगड पुरता कोरडा झालाय. नियमाप्रमाणं गाडी खाली न्यायला आता काही हरकत नाही. मौलालीनं चाकांना वंगणही घातलंय. मी सरांना विचारलं, "मग कधी सुटका?"

ते गॅलरीत होते. रुमाल होता, पण नाकावर नव्हता, खांद्यावर होता; ब्रश पुसायला. चौकटीवर मोठा कागद, त्यात वरून दिसणारी निळी गाडी, तव्यावरचा केशरी ठिपका आणि त्याची सावली. सावली जांभळी होती.

"जाईल की," ते म्हणाले. "थोडं राहिलंय. मी तिला सांगितलंय, आठवडाभर थांब." मग कठड्यावरून वाकून ओरडले, "अकबरीबाई, हलू नका!"

खालून आवाज आला, "गिऱ्हाईक आलंय सर!"